सोडायचे वेग आणि धरायचे वेग

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ५ वा, श्लोक २३ वा.

पाचवा अध्याय आता संपत आला. संन्यास चांगला की कर्म चांगलं, या अर्जुनाच्या प्रश्नाने तो सुरू झाला होता. गेले काही दिवस आपण ब्रह्म, समदृष्टी, बाहेरच्या विषयांचं सुख असं मोठमोठं वाचत होतो. आणि आज भगवंत एकदम आपल्या घरात येऊन बसल्यासारखं बोलतात. श्लोकाचा आशय एवढाच : हा देह सुटायच्या आधी, इथल्या इथे, काम आणि क्रोध यांच्यापासून उठणारा वेग ज्याला सोसता येतो, तो योगी, आणि सुखी माणूसही तोच.

यातल्या दोन गोष्टींपाशी जरा थांबूया.

एक म्हणजे, भगवंत इथेच, याच देहात म्हणतात. मेल्यानंतरच्या सुखाचं हे बोलणं नाही. ज्या देहाला भूक लागते, घाम येतो, कंबर दुखते, त्याच देहात राहून हे साधायचं आहे.

दुसरी, वेग उठणारच नाही असं भगवंत कुठेही म्हणत नाहीत. उठलेला वेग सोसता आला पाहिजे, एवढंच ते म्हणतात. मला या शब्दाने फार धीर दिला. राग आला म्हणजे आपली साधना वाया गेली, असं मी कितीतरी वर्षं समजत होते. राग येणं वेगळं आणि त्याच्यामागे पळत सुटणं वेगळं.

आता या श्लोकातला 'वेग' हा शब्द बघा. हा शब्द वैद्यांचाही आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सातवा अध्याय आहे, त्याचं नाव 'नवेगान्धारणीय'. म्हणजे वेग धारण करू नयेत, अडवू नयेत, हे सांगणारा अध्याय. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातही सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायात हाच विषय आहे. तो अध्याय रोग होऊच नयेत म्हणून काय करावं, हे सांगणारा आहे.

पहिल्यांदा कळलं तेव्हा मी गोंधळले. गीता सांगते वेग सोसा, आवरा. चरक सांगतात वेग अडवू नका. मग ऐकायचं कुणाचं? याचं उत्तर मला पोथीत मिळायच्या आधी अंगावर मिळालं. म्हणून आज थोडं स्वतःचं सांगते.

खिडकीच्या अलीकडे

माझी नोकरी खिडकीवरची. समोर काच, काचेला खाली अर्धगोल भोक, आणि पलीकडे रांग. कुठल्या कार्यालयात, ते राहू द्या. आपल्या धाराशिवचा चैत्र-वैशाख तुम्हाला ठाऊकच आहे. दुपारी बारानंतर पत्रा तापतो, पंखा गरम वारा फेकतो. आमच्या तिथे बायकांचं स्वच्छतागृह इमारतीच्या मागच्या बाजूला होतं, त्याला कुलूप, आणि किल्ली तिसऱ्याच कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये. प्रत्येक वेळी चार पुरुषांसमोर किल्ली मागायची, रांग थांबवायची, मागे जाऊन यायचं. त्यापेक्षा मी सोपा मार्ग काढला. घरून निघताना चहा घ्यायचा आणि संध्याकाळपर्यंत पाणीच प्यायचं नाही. आमच्यातल्या बऱ्याच जणी हेच करत होत्या. कुणाला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. उलट 'मला नाही बाई लागत पाणी' हे आम्ही जरा अभिमानानेच सांगायचो.

अशा एका दुपारी ओटीपोटात दुखत होतं, डोकं जड झालं होतं, आणि रांग दारापर्यंत गेली होती. एक म्हातारे बाबा खिडकीशी आले. यादीत नाव आहे का, ते विचारत होते. यादी बाहेर भिंतीवर लावलेली होती. मी बाहेर बघा म्हटलं. ते गेले, परत आले, तेच विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा आले तेव्हा माझा आवाज चढला.

"किती वेळा सांगायचं? बाहेर लावलीय ना यादी? वाचता येत नाही का?"

ते म्हणाले, "न्हाई येत, बाई."

एवढंच. रागाने नाही, कुरकुरीने नाही, जसं कुणी गावाचं नाव विचारल्यावर सांगावं तसं. आणि बाजूला झाले. मागच्या माणसाने कागद पुढे सरकवला, मी तो घेतला. काम चालू राहिलं.

संध्याकाळी आमचे शिपाई मामा टेबल पुसता पुसता म्हणाले, "मॅडम, ते बाबा सकाळच्या पहिल्या गाडीनं आलते. नंबर जाईल म्हून पाणी प्यायलाबी उठले न्हाईत. मी वाचून दाखवलं त्यास्नी. नाव न्हवतं यादीत."

त्या रात्री मला झोप लागली नाही. काचेच्या अलीकडे मी तहान आणि लघवी धरून बसले होते, पलीकडे ते तहान धरून उभे होते. दोघांनीही अडवू नये ते अडवलं होतं. फरक एवढाच की त्यांनी आपला राग धरला, आणि मला तो धरता आला नाही.

वैद्यांनी विचारलेला प्रश्न

दोनच दिवसांत मला ताप आला, लघवीला जळजळ सुरू झाली. डॉक्टरांकडे गेले, तपासणी झाली, जंतुसंसर्ग निघाला, गोळ्या घेतल्या, बरं वाटलं. हे मुद्दाम सांगते, कारण असा त्रास झाला तर आधी तपासणी करून घ्यायची. घरगुती काढ्यावर दिवस काढायचे नाहीत. पण त्रास पुन्हा झाला. मग ओळखीच्या एका वैद्यांकडे गेले. आपल्या धाराशिवात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय असल्यामुळे इथल्या लोकांना वैद्याकडे जाणं काही परकं नाही.

त्यांनी नाडी बघितली, जीभ बघितली आणि विचारलं, "ताई, ऑफिसात असताना दिवसभरात पाणी किती पिता?"

मी म्हटलं, "ऑफिसात नाही जमत. घरी पिते की."

"आणि लघवीला?"

मी काहीच बोलले नाही. त्यांना कळलं. म्हणाले, "औषध देतो. पण तुम्ही जे धरून बसताय ते सोडल्याशिवाय औषध काय करणार? एवढं गीतेचं वाचता, चरकांचा सातवा अध्याय पण वाचा एकदा."

घरी येऊन मराठी भाषांतरासह तो अध्याय वाचला. आणि माझा गोंधळ सुटला, कारण चरकांनी वेगांच्या दोन याद्या दिल्या आहेत.

पहिली यादी : सोडायचे वेग

चरकांच्या यादीत अडवू नयेत असे तेरा वेग आहेत. लघवी, शौच, शुक्र, अधोवायू, उलटी, शिंक, ढेकर, जांभई, भूक, तहान, अश्रू, झोप आणि श्रमाने लागलेली धाप.

यादी पुन्हा एकदा सावकाश वाचा आणि आपला कामाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. गाडी चालवणारा माणूस झोप अडवतो. शिक्षिका दोन तासांच्या मध्ये लघवी अडवते. दुकानदार गिऱ्हाईक सोडून जेवायला उठत नाही. शेतावर खुरपणाऱ्या बाईला आडोसा नसतो. अभ्यास करणारी पोरं रात्री दोनपर्यंत जागतात आणि त्यालाच मेहनत म्हणतात. यातल्या कितीतरी गोष्टींचं आपण कौतुक करतो! 'जेवायलाही उठला नाही' हे आपल्याकडे चांगल्या कामाचं प्रशस्तिपत्र आहे.

चरक प्रत्येक वेगाबद्दल सांगतात की तो अडवला तर काय होतं. लघवी अडवली तर ओटीपोटात दुखणं, लघवी कष्टाने होणं आणि डोकेदुखी. डोकेदुखी वाचून मी चमकलेच, कारण त्या दुपारी मला तीच होती. भूक अडवली तर अशक्तपणा, अंगदुखी, अन्नावरची वासना जाणं, चक्कर. तहान अडवली तर घसा आणि तोंड कोरडं पडणं, थकवा. झोप अडवली तर जांभया, अंगमोडी, डोळ्यांवर जडपणा. उपायही किती साधे आहेत! भूक अडवून त्रास झाला तर स्निग्ध, गरम आणि हलकं अन्न. झोप अडवली असेल तर झोप, आणि कुणीतरी हळुवार अंग दाबून देणं.

आयुर्वेदाच्या भाषेत वेग अडवला की वात बिघडतो. त्याची वाट खाली जाण्याची असते. ती बंद केली की तो उलटा फिरतो. आपल्या साध्या भाषेत, देहाने निरोप पाठवला आणि आपण दार उघडलं नाही. असं रोज केलं तर एक दिवस देह निरोप पाठवणंच बंद करतो. 'मला तहान लागतच नाही' म्हणणाऱ्या आम्हा बायकांचं तेच झालं होतं.

दुसरी यादी : धरायचे वेग

त्याच अध्यायात पुढे चरक म्हणतात की आपलं इथलं आणि परलोकातलं हित हवं असेल त्याने काही वेग मात्र धरावेत. मनाचे : लोभ, शोक, भय, क्रोध, अहंकार, निर्लज्जपणा, मत्सर, अति आसक्ती, दुसऱ्याच्या वस्तूची हाव. वाणीचे : कठोर बोलणं, गरजेपेक्षा जास्त बोलणं, चहाडी, खोटं, आणि अवेळी बोलणं. देहाचे : दुसऱ्याला पीडा देणं, चोरी, हिंसा, परस्त्रीगमन.

औषधाच्या ग्रंथात चहाडी आणि मत्सर! मला वाटलं होतं हे फक्त कीर्तनात सांगतात. पण चरकांच्या दृष्टीने मत्सर, शोक, भय, क्रोध हे मनाचे विकार प्रज्ञापराधातून, म्हणजे बुद्धीच्या चुकीतून होतात. कळत असून वळत नाही, हिताचं काय ते आठवत नाही, धीर सुटतो. म्हणजे बुद्धी, धृती आणि स्मृती ढळतात आणि त्यातून माणूस आपलंच नुकसान करून घेतो. दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी क्रोधाची जी पायरी-पायरीने उतरण सांगितली आहे, ६२ आणि ६३ व्या श्लोकांत, तिथेही स्मृती ढळते आणि मग बुद्धी जाते. ग्रंथ दोन आहेत, पण माणूस पडतो तो एकाच जिन्यावरून.

आता आजच्या श्लोकाकडे परत या. गीता कुठले वेग सोसायला सांगते? काम आणि क्रोध यांचे. चरकांच्या दुसऱ्या यादीतले. तहान सोसा, झोप सोसा असं भगवंत इथे म्हणतच नाहीत. उलट सहाव्या अध्यायातल्या १६ आणि १७ व्या श्लोकांत ते स्पष्ट सांगतात की फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही आणि जागतच राहणाऱ्यालाही नाही. आहार, विहार, काम, झोप, जागणं सगळं मापात असेल त्याचंच दुःख योग दूर करतो. ज्ञानेश्वर माउलींनी त्यावर बोलताना अन्नाला माप, चालण्याला माप, बोलण्याला माप सांगितलं आहे. आणि झोपेची वेळ झाली की तिचाही मान राखायला सांगितला आहे.

म्हणजे भांडण गीता आणि चरक यांच्यात नव्हतंच. घोळ माझा होता. मी याद्यांची अदलाबदल केली होती. धरायचे ते सोडत होते आणि सोडायचे ते धरत होते. आणि खरं सांगू, दोन्हीचा संबंधही आहे. पोटात भूक, डोळ्यांवर झोप आणि अंगात अडवलेला वेग घेऊन बसलेल्या माणसाला क्रोध धरायला ताकद उरत नाही. सगळी ताकद भलतीकडेच लागलेली असते.

अश्रू आणि शोक

या दोन याद्यांत एक जागा फार विचार करण्यासारखी आहे. पहिल्या यादीत अश्रू आहेत : ते अडवू नका. दुसऱ्या यादीत शोक आहे : तो धरा, मोकाट सोडू नका.

आधी वाटलं, हे उलटसुलट आहे. रडू तर द्यायचं, पण शोक करू द्यायचा नाही? मग आमच्या गल्लीतली एक घरं आठवली, जिथे कर्ता माणूस गेल्यावर थोरल्या पोराला सगळ्यांनी सांगितलं, 'तू रडू नको, तुला घर सांभाळायचंय.' पोरगं रडलं नाही. घर सांभाळलं. पण त्यानंतर ते हसलेलंही कुणी पाहिलं नाही. डोळ्यांतलं पाणी अडवलं आणि शोक आत घर करून राहिला.

अडवलेल्या अश्रूंनी डोळ्यांचे आणि हृदयाचे विकार, पडसं, अरुची, चक्कर होते असं चरक सांगतात. त्यावरच्या उपायांत झोप आहे, आणि मनाला आवडतील अशा गोष्टी बोलणं आहे. आवडत्या गोष्टी! माणूस जवळ बसून चार गोड गोष्टी बोलतो, हे औषध म्हणून लिहून ठेवलं आहे. आपल्या भागाने दुष्काळ बघितला, १९९३ चा भूकंप बघितला, कर्जापायी गेलेली माणसं बघितली. आपल्याकडच्या पुरुषांना रडू द्यायला आपण शिकलं पाहिजे. डोळे वाहिले की शोकाला वाट मिळते.

आईची निद्रा, काकांचं थापटणं

झोप अडवणं म्हणजे पुरुषार्थ, असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्या तुळजापूरकडे बघावं. आपली आई तुळजाभवानी वर्षातून तीन वेळा निद्रा घेते. शारदीय नवरात्राच्या आधी घोरनिद्रा, दसऱ्यानंतर पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा, आणि पौषातल्या शाकंभरी नवरात्राच्या आधी मोहनिद्रा. मूर्ती सिंहासनावरून हलवून पलंगावर ठेवली जाते. महिषासुराशी लढून आई दमली, म्हणून दसऱ्यानंतर ती झोपते, असं आपण लहानपणापासून ऐकतो. जगदंबा श्रम झाल्यावर झोपते आणि आपण मात्र 'मला झोपायला वेळ नाही' म्हणतो! मी हे वाक्य किती वेळा म्हटलं असेल, देवीलाच माहीत.

आणि धरायच्या वेगांसाठी तेरला जावं. संत गोरोबाकाकांचं तेर आपल्याच तालुक्यात. काकांनी संतांच्या मेळ्यात मडकी तपासायचं थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिलं, ही कथा सगळ्यांना माहीत आहे. बाकीचे शांत बसले. नामदेवमहाराजांना मात्र राग आला. आणि मडकं कच्चं ठरलं.

मी ही कथा कितीदा ऐकली, पण काका नेमकं काय तपासत होते हे आत्ता लक्षात आलं. कुणाला किती अभंग येतात हे त्यांनी विचारलं नाही. डोक्यावर टपली बसल्यावर उठणारा वेग सोसता येतो का, एवढंच बघितलं. आजचा श्लोक आणि काकांची परीक्षा एकच आहे. त्या दुपारी तिसऱ्यांदा खिडकीशी आलेले बाबा हे माझं थापटणं होतं. आवाज कच्चा आला. पण कथेतला पुढचा भाग विसरू नये : नामदेव तिथेच थांबले नाहीत, विसोबा खेचरांकडे गेले. कच्चं मडकं आव्यात पुन्हा भाजता येतं.

चौथा हिस्सा

आता हे करायचं कसं? एका दिवसात स्वभाव बदलत नाही. याचंही उत्तर चरकांनी त्याच अध्यायात दिलं आहे, आणि मला ते सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. वाईट सवय एकदम सोडायची नाही. तिचा चौथा हिस्सा सोडायचा आणि चांगल्या सवयीचा चौथा हिस्सा धरायचा. मग मध्ये एक, दोन, तीन दिवस असं थांबत पुढचा हिस्सा. अशा क्रमाने घालवलेले दोष परत येत नाहीत आणि मिळवलेले गुण टिकतात, असं ते म्हणतात. ऋतू बदलतानाही असंच सांगितलं आहे. सरत्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येणाऱ्याचे पहिले सात, या ऋतुसंधीत जुना आहार-विहार हळूहळू सोडायचा आणि नवा हळूहळू धरायचा.

माझे ऑफिसात चार चहा व्हायचे. भूक लागली की चहा, तहान लागली की चहा, झोप आली की चहा. तिन्ही वेगांना एकच उत्तर. आधी एक चहा सोडून त्या जागी तांब्याभर पाणी घेतलं. काही दिवसांनी दुसऱ्या चहाच्या जागी उन्हाळ्यात ताक किंवा ज्वारीची आंबील. आता दोन चहा राहिलेत आणि ते मी आनंदाने पिते. डबाही ठरलेल्या वेळेला उघडते. भाकरी गार असली तरी भूक ताजी असताना खाते.

रागाचेही चार हिस्से केले. पहिला हिस्सा आवाजाचा. राग आला तरी चालेल, आवाज चढवायचा नाही. तो साधायला दोन महिने लागले. दुसरा हिस्सा, उत्तर देण्याआधी मनात एकदा 'राम कृष्ण हरी'. तिसरा, समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलायचं. चौथा अजून साधला नाही, तो म्हणजे घरी आल्यावर तोच राग घरच्यांवर न काढणं. त्यावर काम चालू आहे.

इथे एक सांगायलाच हवं. वेग सोसणं म्हणजे अन्याय सोसणं नव्हे. वाणीच्या यादीत चरकांनी कठोर बोलणं आणि अवेळी बोलणं घातलंय. खरं आणि वेळेवर बोलायला कुठेच मनाई नाही. आम्ही सगळ्या जणींनी मिळून किल्लीसाठी लेखी अर्ज दिला. लगेच काही झालं नाही. पुन्हा दिला. आता किल्ली दाराशेजारच्या खिळ्यावर असते, कुणाला विचारावं लागत नाही. इतकी साधी गोष्ट होती, पण तोंडातून शब्द काढायला आम्हाला कितीतरी वर्षं लागली. जे शांतपणे बोलायला हवं होतं ते आम्ही गिळत राहिलो, आणि ते भलत्याच माणसावर बाहेर पडलं.

रांगेच्या बाजूला आता एक माठ आहे. शिपाई मामा तो सकाळी भरतात. पाणी प्यायला उठलेल्याचा नंबर जात नाही, हे मी स्वतः खिडकीतून सांगते. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांनी हात वर करा, असं न म्हणता मी सगळ्यांनाच विचारते, "नाव सांगा, मी बघून देते."

ते बाबा परत आले असतील तर मला कळलं नाही. त्यांचा चेहरा मला आठवत नाही, कारण मी त्यांच्याकडे नीट बघितलंच नव्हतं. माफी मागायची राहून गेली. म्हणून पांढरा पटका बांधलेलं कुणीही म्हातारं माणूस खिडकीशी आलं की मी आधी "बसा बाबा, पाणी घ्या" म्हणते. त्यांच्यातले ते कुणी असतील, नसतील. पांडुरंगाला हिशेब कळतो.

आजचा नेम

आज दिवसभरात दोनच गोष्टींकडे लक्ष द्यायचं.

पहिली, देहाने निरोप पाठवला की तो ऐकायचा. तहान, भूक, लघवी, झोप, डोळ्यांतलं पाणी, यातलं एक तरी आपण रोज अडवतो. ते कोणतं, ते ओळखायचं आणि आजच्या दिवस त्याला वाट द्यायची. आपल्या हाताखाली कुणी काम करत असेल, तर त्यालाही ते करता येतं का, हे बघायचं.

दुसरी, मनाचा निरोप आला की जरा थांबायचं. राग, मत्सर, चहाडीची उबळ, जे काही उठेल त्याला म्हणायचं, 'आलास, बस. मी एक नाम घेते, मग बघू.'

रात्री अंथरुणावर पडल्यावर दोन्हींचा हिशेब करायचा. धरायचं ते किती धरलं, सोडायचं ते किती सोडलं. चौथा हिस्सा जमला तरी आजच्यापुरतं पुष्कळ झालं. आणि मग झोप आली की तिचा मान राखून झोपायचं.

उद्या चोविसावा श्लोक. आत सुख, आत विसावा, आत उजेड ज्याला सापडला त्याच्याबद्दलचा.

आई राजा उदो उदो. राम कृष्ण हरी.